गाठ पिळली, पू काढला, तरी परत आली? सिस्टच्या बाबतीत या चुका टाळा

पाठ, मान, कानामागचा भाग किंवा चेहरा, कुठेही त्वचेखाली एक गोल गाठ हाताला लागते. दुखत नाही, बोटाखाली थोडी सरकते आणि नीट पाहिलं तर मधोमध एक बारीक काळपट छिद्र दिसतं. अशी गाठ बहुतेक वेळा एपिडर्मॉइड सिस्ट असते. सगळे तिला चरबीची गाठ म्हणतात, पण आत चरबीचा थेंबही नसतो. असतं ते केरॅटिन, म्हणजे त्वचा, केस आणि नखं ज्याची बनतात ते प्रथिन. त्वचेचा वरचा थर एरवी मृत पेशी बाहेर झाडत असतो. त्याचाच एक भाग आत अडकून बंद पिशवी बनली, की ती झाडणी आतल्या आत सुरू राहते. मग दाटसर, पांढरट, कुबट वासाचा माल साचत जातो.

पिशवीचं अस्तर शाबूत आहे तोवर माल तयार होतच राहणार. बहुतेक चुका होतात त्या इथेच. लोक मालाच्या मागे लागतात आणि पिशवी आत राहून जाते.

पिळणं आणि सुईने टोचणं

पिळल्यावर थोडं काहीतरी बाहेर येतं, गाठ बसल्यासारखी वाटते आणि काही आठवड्यांत पुन्हा भरते. एवढ्यावर निभावलं तर नशीब. कारण बाहेरून दाब दिला की पिशवी दर वेळी छिद्राच्याच बाजूने मोकळी होते असं नाही. ती आतल्या बाजूलाही फुटते. केरॅटिन त्वचेच्या खोल थरात सांडलं की शरीर त्याला परका पदार्थ समजून त्याच्यावर तुटून पडतं. काल शांत असलेली गाठ आज लाल, गरम आणि ठणकणारी होते ती यामुळे.

पुढे सूज उतरते, पण जाताना पिशवीभोवती कठीण, तंतुमय ऊती ठेवून जाते. एरवी सहज सुटी होणारी पिशवी आता आजूबाजूला चिकटलेली असते. सर्जनला चीर मोठी घ्यावी लागते, पिशवी तुकड्यातुकड्याने निघते आणि एखादा तुकडा आत राहण्याची शक्यता वाढते. गाठी पिळण्याचे व्हिडिओ लाखो लोक चवीने बघतात. त्यात गाठ पुन्हा भरल्याचा पुढचा भाग सहसा कोणी टाकत नाही.

गाठ सुजलीच असेल तर कोमट पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापडाने दिवसातून तीन-चार वेळा शेकावं, बाकी हात लावू नये.

लाल झाली की घरातली अँटिबायोटिक गोळी घेणं

फुटलेल्या सिस्टची लाली दर वेळी जंतुसंसर्गाची नसते. ती बऱ्याचदा वर सांगितलेल्या प्रतिक्रियेची असते आणि तिथे अँटिबायोटिकचा फारसा उपयोग होत नाही. मागच्या आजारातल्या उरलेल्या चार गोळ्या खाऊन तर नाहीच नाही. ताप येणं, लाली भराभर पसरणं, पू साचणं, मधुमेह किंवा कमी प्रतिकारशक्ती असताना गाठ सुजणं, यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. डोळ्याजवळच्या सुजेलाही हाच नियम. गोळ्या लागतील का, हे तपासून त्यांनाच ठरवू द्या.

सुजलेली असतानाच कायमची काढून टाकायचा हट्ट

रुग्ण डॉक्टरकडे येतो तो दुखायला लागल्यावर, आणि पिशवी काढायला सगळ्यात वाईट वेळ हीच. सुजलेली पिशवी ठिसूळ असते, तिची कड नीट सापडत नाही. शिवाय सुजलेल्या भागात आम्लता वाढलेली असल्याने स्थानिक भुलीचं औषधही कमी चढतं. म्हणून पू असेल तर डॉक्टर लहानशी चीर देऊन तो वाहू देतात आणि जखम भरायला सोडतात. ठणका तासाभरात कमी होतो, पण पिशवी तिथेच असते.

मग वर्षभराने तक्रार येते, ‘माझं ऑपरेशन झालं होतं, तरी परत आली.’ ती शस्त्रक्रिया गाठ काढण्याची नव्हतीच. घरी निघण्याआधी स्पष्ट विचारा: ‘डॉक्टर, फक्त पू काढला की पिशवीसकट गाठ काढली?’ फक्त पू काढला असेल, तर सूज पूर्ण बसल्यावर, साधारण 4 ते 6 आठवड्यांनी, परत जायचं असतं. तोवर दुखणं थांबलेलं असतं, म्हणून कोणी जात नाही. माझ्या मते पिळण्याखालोखाल महागात पडते ती ही टाळाटाळ.

याचा अर्थ प्रत्येक सिस्ट काढलीच पाहिजे असा नाही. लहान, शांत, कुठे न घासणारी गाठ तशीच ठेवली तरी चालते.

दिसली गाठ की सिस्टच समजणं

मऊ, दबणारी आणि वर छिद्र नसलेली गाठ लायपोमा, म्हणजे खरोखरची चरबीची गाठ, असू शकते. डोक्यावरच्या सिस्टला सहसा छिद्र नसतं आणि ती अनेकदा घरात एकापेक्षा जास्त जणांना असते. कानाच्या पुढे किंवा खालच्या बाजूला असलेली गाठ लाळग्रंथीची असू शकते. लहान मुलाच्या नाकाच्या मधल्या रेषेवर जन्मापासून गाठ असेल, तर स्कॅन केल्याशिवाय तिला कोणी चीर देता कामा नये, कारण तिचा धागा कवटीच्या आतपर्यंत गेलेला असू शकतो. कठीण, खाली चिकटलेली, झपाट्याने वाढणारी किंवा वरची त्वचा फुटून न भरणारी गाठ लवकर दाखवा. काढलेली गाठ पॅथॉलॉजी तपासणीला गेली का, हेही विचारा.

डॉक्टरांना अर्धवट माहिती देणं

रक्त पातळ करणारी गोळी, पेसमेकर, भुलीच्या औषधाची आधी आलेली ॲलर्जी, जुन्या जखमांवर उठणारे जाड व्रण, हे सगळं आधी सांगायचं. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. थोड्या रक्तस्रावापेक्षा ती बंद केल्याने होणारी गुठळी जास्त घातक ठरू शकते. छाती आणि खांद्यावरचे व्रण रुंद किंवा जाड होण्याची शक्यता जास्त असते. तिथली गाठ केवळ दिसण्यासाठी काढायची असेल तर दोनदा विचार करा.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया छोटी असते. भुलीचं इंजेक्शन काही सेकंद झोंबतं, नंतर ओढल्यासारखं जाणवतं पण दुखत नाही.

टाके घातल्यावरची घाई

ड्रेसिंगवर रक्त दिसलं की लोक उचलून बघतात, पुसतात, पुन्हा बघतात. तसं न करता स्वच्छ गॉजने 15 ते 20 मिनिटं सलग, घट्ट दाबून धरा. तरी थांबलं नाही तर दवाखाना. जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतू नका. त्याने नव्या पेशीही मरतात.

टाके साधारणपणे चेहऱ्यावरचे 5 ते 7 दिवसांनी, डोक्यावरचे 7 ते 10 आणि पाठीवरचे 10 ते 14 दिवसांनी काढतात. चेहऱ्यावर उशीर झाला तर टाक्यांच्या खुणा राहतात, पाठीवर घाई केली तर जखम उघडते. टाके निघाले म्हणजे त्वचा पूर्ववत झाली असंही नाही. दोन आठवड्यांत तिची ताकद अगदीच थोडी परत आलेली असते. पाठीवर जखम असेल तर जड उचलणं आणि व्यायामशाळा कधी सुरू करायची, ते विचारून ठरवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, पू आला किंवा ताप आला तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका.

व्रणाखाली सुरुवातीला एक कडक कड हाताला लागते. ती जखम भरण्याचाच भाग आहे, काही महिन्यांत मऊ पडते. पण त्याच जागी गोल गाठ पुन्हा वाढू लागली, तर पिशवीचा अंश राहिलेला असू शकतो. अशा वेळी जुन्या व्रणासकट गाठ पुन्हा काढता येते. जाताना पहिल्या शस्त्रक्रियेचा कागद आणि पॅथॉलॉजीचा अहवाल सोबत न्या.