मोठा स्वस्त की छोटा महागडा? आधी पुठ्ठा कापा

पंधरा-अठरा हजारांत फोन शोधायला निघालात तर समोर येणारा जवळजवळ प्रत्येक फोन 6.6 ते 6.8 इंचांचा असतो. 6.1-6.2 इंचांचा दमदार फोन हवा म्हटलं की किंमत बहुधा पन्नास हजारांच्या आसपास किंवा पुढे जाते. मोठ्या अंगात 5000 एमएएचची बॅटरी आणि साधे, स्वस्त भाग ऐसपैस बसतात. तेच लहान अंगात बसवायचं तर प्रत्येक भाग महाग पडतो आणि तो खर्च कंपन्या फ्लॅगशिपवरच, म्हणजे आपल्या सर्वांत वरच्या फोनवरच, करतात. म्हणून स्वस्त आणि छोटा असा नवा फोन दुकानात जवळपास मिळतच नाही, आणि निवड या दोन टोकांतून करावी लागते.

इंच आणि किंमत नंतर बघा. पहिला प्रश्न असा की फोन वापरताना तुमचा दुसरा हात कुठे असतो? सकाळी ठाण्याहून वाशीची गाडी पकडून ऐरोली, रबाळे किंवा घणसोलीला उतरणाऱ्याचा एक हात वरच्या कडीला असतो. त्याने फोन चालवायचा तो एका अंगठ्यावर. घरी सोफ्यावर बसून मालिका बघणाऱ्या आईचे दोन्ही हात मोकळे असतात. या दोघांना एकच फोन सुचवणं चूक आहे.

हे दुकानात पाच मिनिटांत कळत नाही, म्हणून घरीच पुठ्ठा कापा. जुन्या खोक्यातून दोन आयत काढा: एक 165 × 77 मिलिमीटरचा, दुसरा 147 × 71 मिलिमीटरचा. पुठ्ठ्याचे थर चिकटवून जाडी साधारण 10 मिलिमीटर करा; कव्हर लावलेला फोन एवढा भरतो. मग दोन्ही तुकडे दोन-तीन दिवस आळीपाळीने वापरातल्या खिशात ठेवा. जिना चढताना, रिक्षात बसताना, गाडीच्या गर्दीत तो कुठे टोचतो, वाकल्यावर बाहेर सरकतो का, कुर्त्याच्या खिशात मावतो का, ते पाहा. एका हातात धरून, करंगळीचा खालून टेकू न देता, अंगठा समोरच्या वरच्या कोपऱ्याला पोचतो का तेही बघा. पोचत नसेल तर क्यूआर दाखवताना दर वेळी पकड बदलावी लागेल, आणि फोन हातातून सुटतो तो बहुधा त्याच क्षणी. वजन पुठ्ठ्यात कळत नाही, ते आकड्यांत घ्या: मोठा स्वस्त फोन 190 ते 210 ग्रॅम, सॅमसंग गॅलॅक्सी एस24 सारखा छोटा 170 ग्रॅमच्या आत. कव्हर आणि टफन ग्लासचे 30-40 ग्रॅम वेगळे.

आता स्क्रीन. 6.7 आणि 6.1 यांत पुष्कळ फरक आहे असं वाटतं, पण इंच कर्णात मोजतात. 20:9 प्रमाणाच्या 6.7 इंची पडद्याची रुंदी साधारण 70 मिलिमीटर येते, 19.5:9 च्या 6.1 इंचीची 65. म्हणजे मराठी बातमीची ओळ फक्त 5 मिलिमीटर रुंद होते. आडवा धरून नेहमीचा 16:9 व्हिडिओ पाहिला तरी चित्राची उंची तेवढीच वाढते. खरा फायदा एकूण क्षेत्रफळात आहे, सुमारे 18-19 टक्के. अक्षरांचा आकार दोन पायऱ्या वाढवून वाचणाऱ्या आई-बाबांना तो ठळक जाणवतो: कीबोर्ड उघडल्यावरही वरचा संदेश दिसत राहतो. नजर चांगली असेल आणि वाचन थोडंच असेल, तर फक्त मोठी स्क्रीन हवी म्हणून मोठा फोन घेण्यात फारसा अर्थ नाही.

मोठा स्वस्त फोन ठरला, तर खरी मेहनत तपशिलाच्या कागदावर घ्यायची, कारण काटकसर तिथेच लपवलेली असते. रिझोल्यूशन (पडद्यावरच्या बिंदूंची संख्या) 1080 × 2400 च असावं. 720 × 1600 हे 6.7 इंचांवर पसरलं की इंचाला जेमतेम 262 बिंदू उरतात (1080 ला 393) आणि बारीक जोडाक्षरांच्या कडा दातेरी दिसतात. स्टोरेज यूएफएस या वेगवान प्रकारातलं, 2.2 किंवा वरचं घ्या. ईएमएमसी 5.1 हा जुना, स्वस्त प्रकार; ते एका वेळी एकतर वाचतं नाहीतर लिहितं. मागे व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप किंवा अपडेट चालू असताना पुढे पेमेंटचं अ‍ॅप अडकतं ते त्यामुळे. नवा असताना हे कळत नाही. स्टोरेज भरत आलं की रोजचं दुखणं होतं. खोक्यावर ‘8 जीबी रॅम’ लिहिलं असेल तर खालची बारीक ओळ वाचा. ती ‘4+4’ असेल तर अर्धी रॅम स्टोरेजमधून उसनी घेतलेली असते आणि ती खऱ्या रॅमच्या वेगाने चालत नाही. खरी 6 जीबी हवीच, 8 असेल तर उत्तम.

5जी बँड्सच्या (नेटवर्कच्या लहरींच्या पट्ट्यांच्या) यादीत एन78 आणि एन28 दोन्ही असावेत. एन28 हा 700 मेगाहर्ट्झचा पट्टा जिओ वापरतं आणि तो भिंतींतून जास्त आत पोचतो. ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या उंच इमारतींत आतल्या खोलीत त्याचा उपयोग होतो. वाइडव्हाइन (ओटीटीच्या व्हिडिओंची कुलूपव्यवस्था) एल1 पातळीचं आहे का तेही विचारा. एल3 असेल तर ओटीटीवरचे चित्रपट सहसा 480पी च्या वर जात नाहीत, मग मोठा पडदा घेऊन काय करणार? मागच्या चार कॅमेऱ्यांपैकी 2 मेगापिक्सेलचे मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढणारा) आणि डेप्थ (मागचं धूसर करायला मदत करणारा) धरू नका, ते संख्या वाढवायला असतात. एकच कॅमेरा असला तरी चालेल, पण त्याला ओआयएस (हाताची थरथर भरून काढणारी कॅमेऱ्यातली सोय) असावं. हात हलला तरी संध्याकाळी ठाण्याच्या तलावपाळीवरचा फोटो वाचतो.

छोट्या फ्लॅगशिपची दुबळी बाजू बॅटरी. एस24 मध्ये 4000 एमएएच आहे. चिप काटकसरी असल्याने ऑफिसात बसणाऱ्याचा दिवस निघतो. पण उन्हात पूर्ण ब्राइटनेस, जीपीएस आणि कमकुवत नेटवर्क एकत्र आलं की दुपारनंतर चार्जर शोधावा लागतो. सोबत 10,000 एमएएचची पॉवर बँक ठेवणार असाल तर ती 10,000 देत नाही हे लक्षात ठेवा. आतला आकडा 3.7 व्होल्टचा असतो, बाहेर 5 व्होल्टला रूपांतर होताना 6,000 च्या आसपास उरतात.

दुचाकीवर दिवसभर डिलिव्हरी करणाऱ्यांनी छोटा महागडा फोन होल्डरला लावू नये, हे आमचं ठाम मत आहे. मोटरसायकलच्या इंजिनाच्या जोरदार कंपनांमुळे ओआयएस असलेला कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा अ‍ॅपलनेच दिलेला आहे. फोटो धूसर येऊ लागले की कॅमेराच बदलावा लागतो. नकाशासाठी मोठा, उजळ स्क्रीनचा स्वस्त फोन लावा. होल्डर कंपन शोषणारा घ्या.

पावसाचं म्हणाल तर आयपी68 (पाणी-धूळ रोखण्याचं मानांकन) चा फरक खरा आहे, अनेक स्वस्त फोन आयपी54 किंवा आयपी64 वर थांबतात. मात्र पाणी शिरून झालेल्या बिघाडाची दुरुस्ती सहसा वॉरंटीत बसत नाही, आयपी68 असलं तरी. पोर्टमध्ये ओलावा असल्याची सूचना आली की चार्जर लावू नका; पोर्ट खाली करून हलकेच झटका आणि पंख्याखाली ठेवा. तांदळात पुरू नका, पिठूळ कण आत जातात.

आता पैसे. 15,000 चा फोन 3 वर्षं चालला तर वर्षाला 5,000. 60,000 चा फोन 6 वर्षं चालवला तरी वर्षाला 10,000, शिवाय मध्ये एकदा बॅटरी बदलणं आलं. ‘महाग घेतला की दीर्घकाळात स्वस्त पडतो’ हे या हिशोबात बसत नाही. फ्लॅगशिप घ्यायचा तो हातात मावतो, कॅमेरा चांगला आहे आणि अपडेट लांब चालतात म्हणून. स्क्रीन फुटल्यावरचा खर्चही आधी बघा: अनेक कंपन्या सुट्या भागांच्या किमती संकेतस्थळावर देतात, आणि फ्लॅगशिपची स्क्रीन कधी कधी अख्ख्या स्वस्त फोनएवढी पडते.

मधली वाट म्हणजे मागच्या वर्षीचा छोटा फ्लॅगशिप, सीलपॅक. आयफोन 15 सप्टेंबर 2023 मध्ये 79,900 ला आला आणि पुढच्या सप्टेंबरला 16 येताच 69,900 वर उतरला. पण अपडेटची मुदत मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुमच्या बिलापासून नाही. एस24 ला जानेवारी 2024 पासून 7 वर्षं आहेत. एस23 ला फेब्रुवारी 2023 पासून सुरक्षा अपडेटची 5 वर्षं, म्हणजे 2028 च्या सुरुवातीपर्यंतच. खोक्यावर छापलेला उत्पादनाचा महिनाही वाचा. दीड वर्ष गोदामात पडलेल्या फोनची बॅटरी तेवढी जुनी झालेली असते.

दुकानात, मग ते वाशी सेक्टर 17 मधलं असो की ठाण्याच्या गोखले रोडवरचं, डेमो फोनवर चालू असलेला चकचकीत व्हिडिओ बंद करा. मराठी वृत्तपत्राचं पान उघडून वाचा. जमल्यास फोन दाराशी नेऊन उन्हात अक्षरं दिसतात का बघा. मॉलमध्ये तारेला बांधलेला असतो, तिथे ओळखीच्या कुणाचा तोच मॉडेल मागून पाहा. पॉवरचं बटण दोनदा दाबून कॅमेरा किती चटकन उघडतो तेही पाहा.

पैसे देण्याआधी *#06# डायल करून आलेला आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) खोका आणि जीएसटी बिल दोन्हींवर जुळवा. वापरलेला फोन घेत असाल तर केवायएम, मग एक जागा सोडून 15 अंकी आयएमईआय, असा एसएमएस 14422 वर पाठवा. केवायएम ही तीन अक्षरं इंग्रजीत टाइप करायची. उत्तरात तो आयएमईआय ब्लॅकलिस्ट झालेला किंवा दुबार वापरलेला आहे असं आलं, तर दर कितीही चांगला असो, फोन परत द्या.