गाडीतली वाकळ: या चुका टाळा

घरातली वाकळ, म्हणजे गोधडी, रात्री पसरायची आणि सकाळी घडी घालायची, एवढंच तिचं काम. गाडीतल्या वाकळीवर डिकीत बॅगा पडतात, उन्हात ती तापते, गगनबावड्याच्या धुक्यात दमट होते आणि पन्हाळ्यावर जेवायला बसताना थेट गवतावर अंथरली जाते. तरीही बहुतेक जण ती घरच्यासारखीच शिवतात. मग वर्षभरात कडा फाटतात, आतलं भरण गोळा होतं.

पहिली चूक मापाची. डबल बेडच्या मापाची वाकळ मागच्या सीटवर मावत नाही, पायात येते. दोघांना ५ बाय ६ फूट पुरते. ३६ इंची पन्ह्याचं, म्हणजे तेवढ्या रुंदीचं कापड असेल, तर एका बाजूला सव्वाचार मीटर घ्या, दोन पन्हे जोडून बाजू तयार होते. नवं सुती कापड आधी भिजवून, धुऊन, वाळवूनच कापा. तसंच शिवलं तर पहिल्या धुण्यात वरचं कापड आटतं आणि सगळी वाकळ सुरकुतते. लाल किंवा गडद निळा रंग असेल, तर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा. फडक्याला रंग लागला, तर आणखी धुवा.

जुन्या जीन्सची वाकळ मजबूत होते, हे खरं. पण या मापात जाड जीन्सची एकच बाजू किलोभराची होते आणि ओली झाली की दोन दिवस वाळत नाही. पावसाळ्यात तर विचारूच नका. जीन्स वापरायचीच असेल, तर कडेच्या पट्टीला वापरा.

आता भरण. सर्वांत जास्त वाकळी इथेच बिघडतात. ऊब देते ती थरांमध्ये अडकलेली हवा, त्यामुळे नुसतं वजन वाढवून ऊब वाढत नाही. पिंजलेला कापूस गाडीत नकोच: ओल धरतो, दाबून बसतो आणि गोळे होतात. आत घोंगडं घालण्याचाही मोह होतो, पण लोकर आणि सूत धुण्यात सारखं आटत नाही, शिवाय लोकरीला कसर लागते. सोपे मार्ग दोनच. जुन्या सुती लुगड्यांचे चार थर घाला, किंवा चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाच्या पॉलिएस्टर वॅडिंगचा (भरणाच्या फुगीर चादरीचा) एक थर. वॅडिंगची वाकळ हलकी राहते आणि लवकर वाळते. अंगाला मऊ लुगड्याचीच लागते.

टाक्यांच्या ओळींमधलं अंतर भरणावर ठरतं. लुगड्यांच्या थरांना दोन बोटांवर धावदोरा घाला. वॅडिंगला तेवढे दाट टाके घातले, तर ते चपटं होऊन ऊब जाते. तिथे ३ ते ४ इंच अंतर ठेवा. त्याहून विरळ केलं, तर वॅडिंग सरकतं. शिवण्याआधी सगळे थर सपाट फरशीवर पसरा आणि मधून कडेकडे हात फिरवत कच्चे टाके घाला. ही पायरी गाळली की शेवटच्या कोपऱ्यात कापडाचा फुगा उरतो आणि तो उसवल्याशिवाय जात नाही.

दोरा सुती, दुपदरी आणि दीड हाताएवढाच घ्या. लांब दोरा कापडातून जाता जाता पिंजतो. जुन्या लुगड्याला नायलॉनचा दोरा नको, तो मऊ सूत कापतो. गाठ वर ठेवू नका, थरांच्या आत ओढून घ्या. कड अडीच इंची दुहेरी पट्टीने मढवा आणि कोपऱ्यांवर आणखी एक तुकडा लावा. ओढताना हात तिथेच पडतो.

ठेवतानाही चुका होतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडून कुबट वास येतो, म्हणून सुती पिशवी वापरा. रोज त्याच घडीवर दुमडली की तिथलेच दोरे तुटतात, म्हणून गुंडाळी करा. मागच्या काचेखाली उन्हात ठेवू नका, कापड विरतं. डांबरगोळ्या तर बंद गाडीत ठेवूच नका, त्यांची वाफ श्वासात जाते. मूल सीटवर असेल, तर आधी पट्टा अंगाला घट्ट लावा आणि वाकळ पट्ट्यावरून पांघरा.

कुबट वास आलाच, तर कोमट पाणी आणि साध्या साबणाने धुवा, पिळू नका. दोन समांतर दोऱ्यांवर आडवी टाकून उन्हात वाळवा. मधला भाग चिमटीत धरून दाबा. गार लागला, तर अजून ओल आहे, आणखी एक दिवस वाळवा.