बुलेटच्या चिमट्यातले अडकलेले बुश कसे काढायचे

चोर्ल्याच्या घाटात वळण घेताना मागचं चाक आपल्याच मनाने चालायला लागलं, की समजायचं चिमट्याचे बुश गेले. चिमटा म्हणजे स्विंग आर्म, मागचं चाक धरून फ्रेमला जोडणारा भाग; आमच्या गॅरेजांतून हाच शब्द चालतो. बुश म्हणजे त्याच्या सांध्यात बसवलेल्या नळ्या. खात्री करायची तर गाडी डबल स्टँडवर लावा, एका हाताने फ्रेम धरा आणि दुसऱ्याने चिमटा मागून आडवा ओढा-ढकला. नुसतं चाकच हलत असेल तर चाकाची बेअरिंग बघा. चिमटाच डुलत असेल तर पुढचं वाचा.

आमची बुलेट आप्पांची, मद्रासच्या कारखान्यातली. खानापूर ते जांबोटी रस्त्यावर तिने कित्येक पावसाळे काढले. इकडचा तांबडा चिखल चिमट्याच्या सांध्यात जाऊन बसतो, वर पाऊस पडतच असतो, आणि आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही. आमच्या गाडीत रबराचे सायलेंट बुश आहेत. बाहेर लोखंडी नळी, आत लोखंडी नळी आणि मधे दोन्हींना चिकटलेलं रबर. त्याहून जुन्या गाड्यांत ब्रॉन्झचे बुश मिळतात, ते तुलनेने गुणी. खरा त्रास या रबरवाल्यांचा.

चेन, चाक, शॉकपचे खालचे बोल्ट हे काढणं सगळ्यांना येतं. आडतं ते चिमटा फ्रेमला जोडणाऱ्या मुख्य बोल्टापाशी. नट निघतो, बोल्ट काही हलत नाही, कारण तो बुशाच्या आतल्या नळीत गंजून एकजीव झालेला असतो. इथे पहिला हात हातोड्याकडे जातो, माझाही गेला. दोन तास मारलं. प्रत्येक घावाला बोल्ट जरासा आत जायचा आणि परत यायचा. मधलं रबरच सगळा मार खात होतं, गंजापर्यंत काही पोचतच नव्हतं. शेवटी बोल्टाच्या टोकाचे आटे चेपून त्याची छत्री झाली.

मग मी बेळगावच्या उद्यमबागेत एका लेथवाल्याकडे गेलो, पुलर म्हणजे बुश ओढून काढायचं हत्यार करून घ्यायला. त्याने बोल्टाची दशा मोबाईलवर बघितली आणि कन्नडात एवढंच म्हणाला, “बडीब्याड्री. सावकाश माड्री.” मारू नका, सावकाश करा. ‘सावकाश’ हा शब्द दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे समजलं नाही असं म्हणायलाही जागा नव्हती.

तर बोल्ट ढकलायचा नाही, फिरवायचा. गंज तुटतो तो पिळण्याने. दोन्ही बाजूंनी गंजावरचा स्प्रे मारा आणि रात्रभर ठेवा. सकाळी परत मारा, असं दोन-तीन दिवस. मग बोल्टाच्या डोक्याला लांब दांड्याचा पाना लावून थोडं पुढे, थोडं मागे. करकर आवाज आला की अर्धं काम झालं. ठोकायची वेळ आलीच तर नट बोल्टाच्या टोकाबरोबर येईल इतका चढवून मग ठोका, म्हणजे आटे वाचतात. एवढं करूनही नाही हलला, तर फ्रेम आणि चिमटा यांच्या फटीत नुसतं हॅक्सॉचं पातं घालून बोल्ट दोन्हीकडे कापा. वाईट वाटून घेऊ नका, बोल्ट आणि बुश दोन्ही नवेच टाकायचे आहेत. फक्त पातं फ्रेमवर घासत नाही ना, तेवढं बघत राहा.

चिमटा खाली आला की पुलर. आतल्या नळीतून जाईल असा जाड आट्यांचा रॉड, दोन नट, जाड वॉशर. एका बाजूला बुशाच्या बाहेरच्या नळीपेक्षा किंचित बारीक गोटी पाना (सॉकेट), तो ढकलणारा. दुसऱ्या बाजूला बुश आत मावेल इतक्या मोठ्या पाइपचा तुकडा, बुशापेक्षा लांब. आट्यांना ग्रीस लावा आणि नट आवळत जा. हार्डवेअरच्या दुकानातला साधा रॉड घेऊ नका. माझ्या पहिल्या रॉडचे आटे बुश हलायच्या आधीच सोलून निघाले. 8.8 ग्रेडचा मागा.

माझा डावा बुश असा निघाला. उजव्याने दाद दिली नाही, उलट पुलरच्या जोराने रबर फाटून आतली नळी तेवढी बाहेर आली आणि बाहेरची चिमट्यातच राहिली. हे बहुतेकांचं होतं. मग रबर काढायला मी अंगणात गॅसची टॉर्च लावली. काळा धूर थेट स्वयंपाकघरात गेला आणि आई बाहेर आली, “काय जाळूलास रे?” जाळू नका. ड्रिलने चार भोकं पाडून चाकूने रबर कोरलं तरी निघतं, आणि घरात जेवायलाही मिळतं.

उरलेली नळी कापूनच काढायची. हॅक्सॉचं पातं सोडवून भोकातून घाला, परत हॅक्सॉच्या फ्रेमला लावा आणि आतून बाहेरच्या दिशेने सरळ रेषेत कापा. इथे घाई केली तर चिमटाच कापला जातो, म्हणून भुशाकडे लक्ष ठेवायचं. नळी कापली जात असते तोवर भुसा चकचकीत पडतो. तिच्यामागे गंजाचा थर असतो. तिथवर पातं पोचलं की भुसा एकदम तांबूस होतो, आपल्या मातीसारखा. तिथे थांबा. जिथे अजून चकचकीत पडतोय तिथे तेवढं घासा. बोटभर अंतरावर दुसरी चीर तशीच पाडा, मग बारीक छिन्नीने मधली पट्टी आत वळवा. पट्टी सुटली की नळीचा ताण जातो आणि बाकीची हाताने निघते. मला या एका नळीला पाऊण तास लागला.

भोक बारीक एमरीने साफ करा, चिमट्याला कुठे तडा नाही ना बघा. नवे बुश पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, चिमटा उन्हात तापवा आणि त्याच रॉडने ओढून बसवा. जोर फक्त बाहेरच्या नळीवर यायला हवा. आतल्या नळीवर आला तर नवं रबर तिथेच फाटतं. नव्या बोल्टाला मात्र भरपूर ग्रीस, म्हणजे पुढच्या वेळी रडायला नको.

आणि एक गोष्ट चांगले मेस्त्रीही विसरतात. मुख्य बोल्ट गाडी स्टँडवर असताना पक्का आवळायचा नाही. सायलेंट बुशात नळी फिरत नाही, रबर पिळलं जातं. चिमटा लोंबकळत असताना आवळला, तर माणूस बसल्याबरोबर रबराला कायमचा पीळ बसतो आणि बुश लवकर जातात. सगळं जोडून गाडी चाकांवर उतरवा, वर कुणाला तरी बसवा आणि मग आवळा.

मी आप्पांना बसवलं. हँडल धरून ते समोरच्या फाटकाकडे बघत बसले, मी खाली पाना ओढत होतो. आवळून झाल्यावर म्हटलं, उतरा आता.

“थांब,” म्हणाले, “किक मारून बघू.”