परदेशात यात्रा किंवा धर्मप्रचार करताना कायद्याचं संरक्षण कसं मिळवावं

संरक्षणाची सुरुवात व्हिसाच्या अर्जापासून होते. पर्यटक व्हिसावर जाऊन प्रवचन दिलं, पत्रकं वाटली तर बहुतेक देश ते व्हिसाच्या अटींचं उल्लंघन धरतात. मग खटला धर्मस्वातंत्र्याचा राहत नाही, परकीय नागरिकांच्या कायद्याचा होतो आणि त्यात हद्दपारी सोपी असते. म्हणून अर्जात प्रवासाचा खरा हेतू लिहा. यात्रेकरूंनाही हे लागू आहे. हजसाठी सौदी अरेबियात वेगळा परवाना लागतो. भेटीच्या व्हिसावर हज करणाऱ्याला २०२५ मध्ये २०,००० रियालपर्यंत दंडाची तरतूद होती.

दुसरं काम, तिथला धर्मांतराचा कायदा वाचणं. श्रद्धा बाळगणं आणि ती दुसऱ्याला पटवणं यांत अनेक देश फरक करतात. नेपाळच्या फौजदारी संहितेत दुसऱ्याचं धर्मांतर करण्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. परदेशी असल्यास शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांत हद्दपारी. रशियात २०१६ पासून प्रचारकाजवळ नोंदणीकृत धार्मिक संस्थेचं अधिकारपत्र असावं लागतं. नागरी व राजकीय हक्कांच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय कराराचं कलम १८ धर्माचरणाला संरक्षण देतं, पण तो करार सौदी अरेबियाने स्वीकारलेला नाही. त्यामुळे जाण्याआधी त्या देशाने करार स्वीकारला आहे का, हे पाहून ठेवा.

अटक झाली तर सर्वांत उपयोगी पडतो तो वकिलातींच्या संबंधांबाबतचा १९६३ चा व्हिएन्ना करार. सौदी अरेबियासह जगातले बहुतेक देश त्यात आहेत. कलम ३६ नुसार अटकेची खबर आपल्या देशाच्या वकिलातीला द्यायला लावण्याचा हक्क तुम्हाला असतो, आणि पोलिसांनी तो तुम्हाला विनाविलंब सांगायचा असतो. मात्र वकिलातीला कळवणं तुमच्या मागणीवर अवलंबून असतं, आणि इथेच लोक अडकतात: आपोआप कळवलं जाईल, असं समजून गप्प बसतात. शिवाय ‘विनाविलंब’ म्हणजे चौकशी सुरू होण्याआधीच, असं नाही, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००४ मध्ये मेक्सिको विरुद्ध अमेरिका प्रकरणात स्पष्ट केलं. म्हणून पहिलं वाक्य हेच असू द्या: ‘माझ्या देशाच्या वकिलातीला कळवा.’ हे वाक्य स्थानिक भाषेत कागदावर लिहून पासपोर्टच्या प्रतीसोबत अंगावरच्या खिशात ठेवा. गटाचे सगळे पासपोर्ट म्होरक्याकडे असतात आणि पकडला जातो एकटा माणूस, हे यात्रांमध्ये नेहमी घडतं. मागणी केल्याची वेळ आणि अधिकाऱ्याचं नाव लक्षात ठेवा, पुढे वकिलाला ते लागतं.

न समजणाऱ्या भाषेतल्या जबाबावर सही करू नका. करावीच लागली, तर सहीच्या वर ‘मला ही भाषा कळत नाही’ असं आपल्या भाषेत लिहा. १९६६ चा करार लागू असेल तिथे कोर्टात दुभाषा मोफत मिळायला हवा.

वकिलातीचा अधिकारी तुम्हाला भेटू शकतो, पत्रव्यवहार करू शकतो, वकिलाची व्यवस्था करू शकतो. तुरुंगातून सोडवणं किंवा खटला थांबवणं त्याच्या हातात नसतं. वकिलाचा खर्चही साधारणपणे आपल्यालाच करावा लागतो. तेव्हा विमा घेताना त्यात कायदेशीर खर्च धरला आहे का आणि धर्मप्रचार वगळलेला नाही ना, दोन्ही तपासा.

दुहेरी नागरिकत्व असणाऱ्यांनी विशेष जपावं. ज्या देशाचे तुम्ही नागरिक आहात, तिथेच अटक झाली तर तो देश तुम्हाला आपलाच माणूस समजतो आणि दुसऱ्या देशाच्या अधिकाऱ्याला भेट नाकारू शकतो. अशा देशात जाण्याआधीच स्थानिक वकिलाचं नाव आणि फोन नंबर घरच्यांकडे देऊन ठेवा.