गाजर गवताचं पाणी बियाण्याला काय करतं, घरीच बघा

गाजर गवत, कुणी काँग्रेस म्हणतं कुणी चटक चांदणी, पुण्यात १९५५ च्या सुमारास पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि आता कुठला बांध त्याच्याशिवाय आहे सांगा. ते पिकाचं खतपाणी खातं हे सगळ्यांना माहितीये, पण त्याच्या पानांतून, मुळांतून आणि कुजलेल्या पाल्यातून पार्थेनिन आणि फेनॉलिक आम्लं अशी रसायनंही मातीत उतरतात आणि शेजारच्या बियाण्याला दाबतात. याला अ‍ॅलेलोपॅथी म्हणतात. सोयाबीनची उगवण गोणपाटात तपासतो ना, तसंच हे ताटलीत बघता येतं.

आधी हातमोजे घाला, अंगावर खाज उठते. फुलं यायच्या आधीची झाडं घ्या, पराग नाकात गेले की शिंका थांबत नाहीत. पानं सावलीत वाळवून चुरा करा, १० ग्रॅम चुरा १०० मिली पाण्यात २४ तास भिजवा आणि फडक्याने दोनदा गाळा. जास्त ठेवू नका, मी एकदा दोन दिवस विसरलो तर पाणी आंबलं, बियांवर बुरशी आली आणि मग नुकसान गवताने केलं की बुरशीने हेच कळेना.

आता चार ताटल्या. प्रत्येकीत टिश्यू पेपर, त्यावर ज्वारीचे किंवा मुळ्याचे २५ दाणे, सगळे एकाच पिशवीतले. पहिलीत नुसतं पाणी, दुसरीत अर्क चौपट पातळ करून, तिसरीत निम्मा, चौथीत तसाच, प्रत्येकी एक चमचा. साधं पाणी चुकवू नका, त्याच्याशिवाय तुलना कशाशी करणार? झाकून सावलीत ठेवा आणि सात दिवस रोज मोजा. मूळ बाहेर डोकावलं की दाणा उगवला धरायचा.

खरी गंमत मोजपट्टी घेतल्यावर. कधी दोन ताटल्यांत उगवलेले दाणे जवळपास सारखेच असतात, पण अर्कातल्याची मुळं आखूड आणि टोकं तपकिरी. नुसती उगवण मोजली तर हे निसटतं, आणि शेतात असं रोप उगवतं खरं पण पाणी ओढायला कमी पडतं.

पण लगेच शेतावर निष्कर्ष लावू नका हां. घट्ट अर्कात बी पाणीच नीट शोषू शकत नाही म्हणूनही अडतं, त्यामुळे पातळ अर्काच्या ताटलीवर जास्त भरवसा ठेवा. शिवाय मातीतले जीवाणू ही रसायनं फोडतात. म्हणून दोन कुंड्या करा, माती तीच, एकीत वाळका चुरा मिसळायचा, दुसरीत नाही, आणि पेरून बघा.

दोन्हीकडे फरक दिसला तर पेरणीच्या तोंडावर हिरवं गाजर गवत नांगरून गाडू नका. फुलं यायच्या आत उपटून खड्ड्यात शेणकाल्याबरोबर चांगलं कुजवा आणि मगच ते खत शेतात टाका. बी धरलेली झाडं मात्र खड्ड्यात नको, एका झाडाला हजारो बिया असतात आणि खत नीट तापलं नाही तर त्या तुम्हीच शेतभर पसरवाल.