उपवनला मावळतीचा फोटो: डोंगर काळाच राहू द्या

ट्रायपॉड, भरलेली बॅटरी, रिकामं कार्ड हे तुम्ही आणणारच, त्यावर बोलत नाही. जागेबद्दल मात्र एक सांगतो. ठाण्याच्या उपवन तलावाला येऊरचा डोंगर पश्चिमेला आहे, त्यामुळे मोबाइलवर सूर्यास्ताची जी वेळ दिसते तिच्याआधीच इथे सूर्य डोंगराआड जातो. डिसेंबरात मोबाइलवरची ती वेळ सहा ते सव्वासहाच्या दरम्यान असते, म्हणजे तुम्ही पाचला काठावर हवे. साडेसहाला रिक्षातून उतरून “आज प्रकाशच नव्हता” म्हणणारे मी पुष्कळ पाहिलेत.

कॅमेरा मॅन्युअलवर, म्हणजे सगळं हाताने; आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ/८ (लेन्सचं छिद्र मध्यम), फाइल रॉ, म्हणजे सेन्सरने टिपलेलं सगळं जसंच्या तसं. ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद आणि दोन सेकंदांचा टायमर. झाली तयारी.

आता खरी मेख, एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते. यात माझे दोन हिवाळे वाया गेले.

डोंगर काय, आकाश काय, कॅमेऱ्याला काही कळत नाही. जे दाखवाल ते त्याला मध्यम करडं करायचं असतं. काळ्या डोंगरावर रोखलात तर डोंगर करडा होतो आणि आकाशाला चुना फासल्यासारखं होतं. मी नेमकं हेच करायचो. कुणीतरी सांगितलं होतं, “रॉ आहे ना, मग घरी सगळं ठीक करता येतं.” घरी आकाश खाली ओढलं, तर नारिंगीच्या जागी मळकट ठिगळ आलं. सेन्सरवरचा ठिपका एकदा काठोकाठ भरला की त्यात रंग उरतच नाही. अंधाऱ्या भागात, थोडी खरखर सोसली तर, बरंच काही उरलेलं असतं. म्हणून मोजायचं ते उजेडाला.

कसं मोजायचं? कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर स्पॉटवर घ्या, म्हणजे तो फक्त मधल्या ठिपक्यापुरतं मोजेल. सूर्य आड गेल्यावर डोंगराच्या कडेला लागून जे सगळ्यात झळझळीत आकाश असतं, तिथे मधला ठिपका ठेवा आणि मीटर शून्यावर आणा. समजा शटर, म्हणजे प्रकाश आत येण्याची वेळ, १/२५० सेकंद आलं. तसंच दाबलंत तर तेही करडंच येणार, आकाश विझल्यासारखं. म्हणून तिथून दीड-पावणेदोन स्टॉप उजळ करा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट), म्हणजे १/८०. मग फ्रेम लावा आणि मीटर काय ओरडतोय तिकडे ढुंकूनही पाहू नका. तो आता डोंगर बघून घाबरलेला असतो.

यानंतरही मी एकदा फसलो, आणि ही चूक लवकर लक्षात येत नाही. हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळोख आणि उजवीकडे उजेड दाखवणारा आलेख, छान दिसत होता, उजव्या भिंतीला कुठे चिकटलेला नव्हता, तरी घरी आल्यावर क्षितिजाजवळचं आकाश पिवळं आणि सपाट. मी फक्त एकत्रित, पांढरा हिस्टोग्राम बघत होतो. मावळतीला आधी भरतो तो लाल रंग. पांढरी आकृती शहाण्यासारखी मधे बसलेली असते आणि लाल केव्हाच बाहेर सांडलेला असतो. लाल-हिरवा-निळा वेगवेगळा दाखवणारा हिस्टोग्राम लावा आणि लाल उजवीकडे टेकला की एक तृतीयांश स्टॉपने कमी करत जा. सूर्याची चकती किंवा दिव्याचा गोळा पांढराफटक झाला तर होऊ दे, त्यात बघण्यासारखं काही नसतंच.

स्क्रीनवर फोटो कसा दिसतो यावर विश्वास ठेवू नका. काळोखात ती स्क्रीन विजेरीसारखी पेटते आणि अंधारलेला फोटोही उजळ भासतो.

“ग्रॅज्युएटेड फिल्टर घ्या”, म्हणजे वर गडद आणि खाली पारदर्शक अशी काच लेन्सपुढे लावा, असा सल्ला मिळेल. समुद्रावर ठीक आहे. इथे क्षितिज सरळ नाही, फिल्टरची काळी पट्टी डोंगराच्या माथ्यावर बसते. कमी-जास्त उजेडाचे तीन फोटो जोडून एक करायचा म्हणाल, तर तलावाचं पाणी तिन्ही वेळा वेगळं हललेलं असतं. मुळात डोंगरावरचं झाडन्‌झाड दिसायला हवं हा हट्टच मला कळत नाही. काठावर उभं राहून तुम्हाला तरी ते दिसतं का?

मोबाइलवाल्यांनी उजळ आकाशावर बोट दाबून धरावं, लॉक झालं की सूर्याचं चिन्ह खाली ओढावं. नाइट मोड बंद. तो रात्रीची दुपार करतो.

सूर्यास्तानंतर बॅग आवरू नका. आपल्याकडे सूर्य बराच तिरका न जाता जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे संधिप्रकाश जेमतेम पंचवीस मिनिटं टिकतो. या वेळात दर दोन-तीन मिनिटांनी नव्याने मोजा, कारण शटर भराभर सेकंदांत जातं. आकाश गडद निळं आणि काठावरचे दिवे लागलेले, हे दोन्ही तोलात येतात ती पाच-सात मिनिटं मला मावळतीपेक्षा जास्त आवडतात.

कणीस भाजणाऱ्याच्या शेगडीलाही हाच हिशेब. निखाऱ्यावर मोजा, थोडं उजळ करा, त्याचा अर्धा चेहरा काळोखात जाऊ द्या. फक्त इथे आयएसओ १६०० पर्यंत चढवा, माणूस काही ट्रायपॉडवर नसतो. आणि आधी विचारा, कणीसही घ्या.

घरी फाइल उघडल्यावर शॅडोजची, म्हणजे अंधारे भाग उजळायची, पट्टी उजवीकडे न्यायला हात शिवशिवेल. मी ती दहाच्या पुढे नेत नाही.