'सोंड' हा शब्द आला कुठून? मूळ शोधायची पद्धत

शब्दाचं मूळ शोधायचं म्हटलं की बहुतेक जण सारखा दिसणारा संस्कृत शब्द पकडतात आणि मोकळे होतात, तिथेच घोळ होतो. 'सोंड' घेऊन बघू, सोपा आहे आणि शिकवतोही भरपूर.

आधी शब्द आज कुठे कुठे वापरला जातो ते गोळा करा. हत्तीची सोंड म्हणजे नाक आणि वरचा ओठ एकत्र होऊन झालेला अवयव, हे माहितीच आहे. पण ट्रेकवाले डोंगराची सोंड म्हणतात, विहिरीच्या मोटेला चामड्याची सोंड असायची, आणि धान्यातला तो बारीक सोंडकिडा बोटावर घेऊन नीट बघा, डोक्यातून पुढे आलेली लांब नळी दिसते म्हणून ते नाव. सगळीकडे अर्थ एकच, पुढे निघालेला लांबट भाग.

मग कोश उघडा. मोल्सवर्थचा १८५७चा मराठी-इंग्रजी कोश ऑनलाइन फुकट मिळतो, टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तुलनात्मक कोशही मिळतो. संस्कृत शब्द सापडतो 'शुण्डा', म्हणजे हत्तीची सोंड. लगेच खूश होऊ नका, कारण शुण्डा म्हणजे दारूसुद्धा, त्यावरून दारू विकणारा तो शौण्डिक, आपल्याला तो अर्थ नकोय. आणि सुंठ तर अजिबात नाही, ती 'शुण्ठी'वरून आली, दिसायला जवळची असली तरी.

आता खरी टेस्ट, म्हणजे उच्चार नियमाने बदललाय का. प्राकृतात, म्हणजे संस्कृत आणि मराठीच्या मधल्या टप्प्यात, श चा स झाला. शेवटचा आ मराठीत गळतो पण लिंग टिकतं, लज्जा-लाज, संध्या-सांज, शय्या-शेज, सगळ्या 'ती', तशीच ती सोंड. राहिला उ चा ओ. जोडाक्षराच्या आधीचा उ प्राकृतात पुष्कळदा ओ होतो, पुस्तकावरून पोथी आली, मुक्ताचं प्राकृतात मोत्ता झालं. एकच उदाहरण जुळलं तर तो योगायोग असू शकतो, म्हणून निदान तीन-चार तरी हवीतच, मी तर त्याशिवाय कुठलीच व्युत्पत्ती मानत नाही. शेजारच्या भाषाही बघून घ्या, हिंदीत सूँड, गुजरातीत सूंढ, म्हणजे सगळ्यांचं घराणं एकच.

आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट इथेच सापडते. वररुचीच्या प्राकृत व्याकरणात उ चा ओ होण्याचा जो नियम आहे तो 'तुण्ड' शब्दाच्याच नावाने सांगितलाय, 'तुण्डासारख्या शब्दांत' असा. तुण्डचं झालं तोंड, ते तुण्ड, ते तोंड, लिंग इथेही टिकलं. आणि संस्कृतात तुण्ड म्हणजे पक्ष्याची चोच, डुकराचं पुढे आलेलं नाकाड, हत्तीची सोंड, माणसाच्या तोंडाला म्हटलं तर हिणवून. म्हणजे आपण रोज आरशात बघतो ते तोंड मुळात प्राण्याच्या नाकाचाच शब्द! वक्रतुंड म्हणजे वाकड्या तोंडाचा असं कोणी सांगितलं तर दुरुस्त करा, तिथे तुंड म्हणजे सोंड, वळलेल्या सोंडेचा.

पुढचा शब्द 'चोच' घ्या, 'चञ्चु'पासून सुरुवात करा आणि याच पायऱ्यांनी जा.